अपघातग्रस्त क्लासिक मोटार : जीर्णोद्धार की भंगार?

ऑक्टोबर १९६४ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरी शर्यतपथावर 'पॅरिस एक हजार किलोमीटर' ही शर्यत सुरू होती. पाऊस पडत होता. जर्मन चालक पेटर लिंडनर यांची जॅग्वार ई-टाइप मोटार घसरली आणि पिटमधून बाहेर पडण्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या फ्रँको पात्रिया यांच्या आबार्थवर आदळली. लिंडनर, पात्रिया आणि शर्यतीचे तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. जॅग्वारचा ॲल्युमिनियमचा सांगाडा चुरगळून गेला. फ्रेंच अधिकाऱ्यांनी मोटारीचे अवशेष ताब्यात घेतले आणि पुढे अनेक वर्षे ते तसेच पडून राहिले.

सुमारे अर्धशतकानंतर, २०११ मध्ये, हीच मोटार इंग्लंडमध्ये पुन्हा लोकांसमोर आली. ब्रिजनॉर्थ येथील 'क्लासिक मोटार कार्स' या कार्यशाळेतील कारागिरांनी चुरगळलेल्या मूळ सांगाड्याचा पत्रा न् पत्रा सोडवला, सरळ केला आणि पुन्हा जोडला. त्यासाठी हजारो तास खर्ची पडले. नवा सांगाडा घडवणे त्याहून कितीतरी सोपे होते. किंबहुना मधल्या काळात तसा नवा सांगाडा घडवून त्यावर या मोटारीचे वाचलेले भाग बसवण्यातही आले होते. तरीही नव्या मालकाने मोडका सांगाडाच निवडला. तो का निवडला, हे समजून घेतले की दुर्घटनाग्रस्त जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या जीर्णोद्धाराचे बहुतेक गणित उलगडते.

दिसणारे आणि न दिसणारे नुकसान

अपघातातील मोटार पाहणाऱ्याची नजर सर्वप्रथम चेपलेल्या पत्र्याकडे आणि फुटलेल्या काचांकडे जाते. निर्णयाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. आघाताचा जोर सांगाड्यात कोठपर्यंत पोहोचला, हा खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मोटारीच्या रचनेनुसार बदलते.

जॅग्वार ई-टाइप हे याचे उत्तम उदाहरण आहे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात अवतरलेल्या या मोटारीचे उत्पादन १९७४ पर्यंत चालले आणि सुमारे ७२ हजार मोटारी तयार झाल्या. तिचा मधला व मागचा भाग म्हणजे पोलादी पत्र्यांची जोडलेली एक पेटीच आहे. अशा रचनेला मोनोकॉक म्हणतात. तिच्यात वेगळा चेसिस नसतो. पत्रा हाच सांगाडा असतो. या पेटीच्या पुढे चौकोनी नळ्यांची एक चौकट बोल्टने जोडलेली असते आणि इंजिन, पुढचे सस्पेन्शन व ते अवाढव्य बॉनेट तिच्यावर बसवलेले असते.

त्यामुळे समोरून ठोकलेली ई-टाइप अतिशय भयानक दिसते, पण तेवढ्यावरून ती संपली असे म्हणता येत नाही. बॉनेट महाग असले तरी ते सुटे होते व नवे मिळते. नळ्यांची चौकटही नवी बसवता येते. किंबहुना ती बदललीच पाहिजे. तिच्या पातळ पोलादी नळ्या पितळी झाळकामाने जोडलेल्या असतात. वाकलेली नळी सरळ करून पूर्वीचे बळ परत मिळेल याची खात्री देता येत नाही. चौकट जेथे पेटीला मिळते, ती आडवी भिंत मुरडली असेल, तर मात्र प्रकरण गंभीर होते. दाराखालच्या पेटीवजा पट्ट्यांवर बसलेला बाजूचा मार त्याहून वाईट. छपराविना असलेल्या मोटारीचे सारे बळ याच पट्ट्यांत असते आणि त्या दबल्या की मोटार मधोमध वाकते. दार व चौकट यांमधील फट वरच्या बाजूस अरुंद आणि खाली रुंद दिसू लागली, तर अनुभवी कारागीर पुढचे बोलणेच थांबवतो आणि मोजपट्टी मागवतो.

निश्चित निदान मोजमापानेच होते. मोटार सपाट पायावर घेऊन सस्पेन्शनच्या ठरावीक बिंदूंमधील कर्णांची लांबी ताडून पाहिली जाते. उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्यांशी हे आकडे जुळले नाहीत, तर सांगाडा जिगवर, म्हणजे मापे बिनचूक धरून ठेवणाऱ्या लोखंडी साच्यावर चढवावा लागतो.

सगळ्याच मोटारींच्या बाबतीत चित्र असे नसते. लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची असून तिच्या मध्यातून पोलादी पत्र्याचा कण्यासारखा चेसिस जातो. हा कणा वाकला तर तो बदलतात. फुटलेले फायबरग्लास सांधणे हे कष्टाचे पण साधे काम आहे. एमजीबी ही मोनोकॉक असली तरी तिचा कथाभाग निराळा आहे. १९८८ पासून 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' ही संस्था मूळ साचे वापरून एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे तयार करीत आली आहे.

धातूची परीक्षा

रंगाखाली काय दडले आहे हे पाहिल्याखेरीज केलेला खर्चाचा अंदाज फसतो. साठ वर्षांच्या मोटारीला हा पहिलाच अपघात झालेला असेल, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरते. जुन्या दुरुस्तीतील पुट्टी, शिशाचे थर, एकावर एक ठोकलेले पत्रे आणि आतून खाल्लेल्या पोकळ पट्ट्या रंग उतरवल्यावरच उघड होतात. पोलादी बॉडीवर साधा लोहचुंबक फिरवूनही पुट्टीच्या जागा सापडतात. ॲल्युमिनियमवर ही युक्ती चालत नाही.

ॲल्युमिनियमची तऱ्हाच वेगळी. वाकताना हा धातू कठीण होत जातो आणि तसाच थंड स्थितीत सरळ करू गेल्यास तडकतो. म्हणून त्याला आधी तापवून मऊ करावे लागते. परंतु तापलेले पोलाद लाल होऊन इशारा देते, तसे ॲल्युमिनियम देत नाही. ते रंग न बदलता एकाएकी वितळते. यावर जुन्या पत्रे-कारागिरांचा उपाय मोठा गमतीदार आहे. गॅसच्या ज्योतीने पत्र्यावर आधी काजळी धरायची आणि मग ती जळून नाहीशी होईपर्यंतच आच द्यायची. लिंडनर यांची मोटार 'लाइटवेट' प्रकारातील होती. १९६३-६४ मध्ये ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या अशा अवघ्या १२ मोटारी तयार झाल्या. तिच्या सांगाड्यावर एवढे तास का लागले असतील, याची कल्पना यावरून येते.

स्टिअरिंगचे दांडे, चाकांचे आस, सस्पेन्शनचे हात, तारांची चाके या भागांबाबत मात्र जुन्याचा मोह ठेवण्यात अर्थ नाही. त्यांतील भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. रंगद्रव्य किंवा चुंबकीय चूर्ण वापरूनच त्या शोधाव्या लागतात. भाग सदोष आढळला तर तो बदलणे हाच मार्ग उरतो. मोटार प्रदर्शनात ठेवायची असली तरी ती कधीतरी रस्त्यावर उतरतेच.

मोटारीची ओळख कशात असते?

एवढे सारे भाग बदलल्यावर उरते ती मोटार तीच म्हणायची का, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा नाही. १९९० मध्ये तो लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला होता.

वादाचा विषय होती 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत तिने जिंकली. सप्टेंबर १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या उतरत्या कठड्यावरून ती बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिची नव्याने बांधणी झाली. पुढे सुमारे एक कोटी पाउंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा खरेदीदाराने आक्षेप घेतला की, शर्यत जिंकलेल्या मोटारीचे फारसे काही हिच्यात उरलेले नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी तपशीलवार पुरावा ऐकला. १९२९ चे भाग तिच्यात थोडेच उरले असल्याचे मान्य करूनही त्यांनी ती अस्सल 'ओल्ड नंबर वन'च असल्याचा निर्वाळा दिला. मोटारीचे अस्तित्व कधीही खंडित झाले नव्हते आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी मोटारही नव्हती.

अपघातग्रस्त मोटारीच्या मालकाला या निकालातून दोन कसोट्या मिळतात. पहिली इतिहासाच्या सलगतेची : नोंदणीची कागदपत्रे, छायाचित्रे, दुरुस्तीची बिले यांची साखळी तुटता कामा नये. दुसरी एकमेवतेची : एकाच चेसिस क्रमांकावर दोन मोटारी दावा सांगू लागल्या की दोन्हींचे मोल घसरते. लिंडनर यांच्या मोटारीबाबत हा धोका प्रत्यक्षात होता, कारण नव्या सांगाड्यावरील मोटार एकीकडे आणि मूळ सांगाडा दुसरीकडे अशी स्थिती होती. जीर्णोद्धार करणाऱ्याने दोन्ही विकत घेतले आणि हा गुंता सोडवला.

शासकीय नोंदणीची दृष्टी याहून रोकडी असते. ब्रिटनच्या नोंदणी खात्याने मोठे फेरबदल केलेल्या वाहनांसाठी दीर्घकाळ एक गुणपद्धती वापरली. जुना नोंदणी क्रमांक राखण्यास किमान ८ गुण लागत. त्यांपैकी मूळ चेसिस किंवा मोनोकॉकला ५, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनाला केवळ १ गुण मिळे. इंजिनाच्या आवाजावर लुब्ध होणाऱ्या रसिकाला हा हिशेब खटकेल, पण तो विचारपूर्वक केलेला आहे. इंजिन या मोटारीतून त्या मोटारीत जाऊ शकते, सांगाडा जात नाही. ऑगस्ट २०२५ पासून ब्रिटनने जुन्या मोटारींच्या दुरुस्तीविषयीचे नियम पुष्कळ सौम्य केले आहेत.

खरेदीपूर्वी क्रमांकांची पडताळणी अनिवार्य ठरते. जॅग्वारच्या बाबतीत कंपनीच्या वारसा न्यासाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात चेसिस, इंजिन, बॉडी व गिअरबॉक्स यांचे मूळ क्रमांक, रंग आणि उत्पादनाची तारीख नमूद असते. मोडक्या मोटारीवर हे क्रमांक जुळत असतील, तर तिचे नशीब अर्धे पालटले असे समजावे.

खर्चाचा ताळेबंद

पैशाच्या हिशेबात एक चूक वारंवार होते. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या आजच्या, म्हणजे मोडक्या स्थितीतील किमतीशी ताडला जातो. वास्तविक मोडक्या मोटारीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांची बेरीज त्याच प्रकारच्या सुस्थितीतील मोटारीच्या किमतीशी ताडली पाहिजे आणि त्या किमतीतूनही अपघाताच्या इतिहासामुळे होणारी घट वजा केली पाहिजे. पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेल्या एमजीबीबाबत हा हिशेब बहुधा विरुद्ध जातो. चांगली एमजीबी शोधून घेणे स्वस्त पडते. मालकाच्या वडिलांची ती मोटार असेल, तर गोष्ट निराळी. मात्र त्या वेळी आपण भावनेपोटी खर्च करीत आहोत, गुंतवणूक म्हणून नव्हे, हे स्वतःशी कबूल करणे बरे.

दुर्मीळ मोटारीचा हिशेब उलट दिशेने धावतो. अभिनेते रोवन ॲटकिन्सन यांनी १९९७ मध्ये मॅक्लारेन एफ-वन ही मोटार घेतली होती. एफ-वन प्रकारच्या एकूण १०६ मोटारी तयार झाल्या. ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजशर परगण्यात ती रस्त्यावरून घसरून झाडावर आदळली आणि पेटली. विमा कंपनीने दुरुस्तीसाठी सुमारे ९ लाख १० हजार पाउंड मोजले. ही रक्कम मोटारीच्या मूळ खरेदी किमतीहूनही अधिक होती. तरीही कंपनीचा निर्णय व्यवहारी होता, कारण मोटारीचे बाजारमूल्य तोपर्यंत या खर्चाच्या पुष्कळ पुढे गेले होते. २०१५ मध्ये हीच दुरुस्त मोटार सुमारे ८० लाख पाउंडांना विकली गेली. येथे अपघाताचा इतिहास लपवण्याचा प्रश्नच नव्हता. तो जगाला ठाऊक होता आणि दुरुस्तीची प्रत्येक नोंद उपलब्ध होती.

दुर्मीळतेची परिसीमा ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे दिसली. १९५४ ची फेरारी ५०० मोंडियल स्पायडर तेथे लिलावास आली. साठच्या दशकातील अपघात व आगीनंतर तिची बॉडी म्हणजे चुरगळलेल्या, काजळलेल्या पत्र्यांचा एक ढीग उरला होता. या ढिगास १८ लाख ७५ हजार डॉलर किंमत आली. खरेदीदाराने पत्रा घेतला नाही, त्याने चेसिस क्रमांक आणि त्यामागचा शर्यतींचा इतिहास घेतला, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

भारतातील स्थिती

भारतात अपघातग्रस्त जुन्या मोटारीच्या मालकास विमा आणि नोंदणी या दोन आघाड्यांवर विचार करावा लागतो. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास वाहन 'संपूर्ण हानी' म्हणून गणले जाते. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमित मूल्य विमा कंपनी व मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायचे असते. क्लासिक मोटारीचा मालक हप्ता वाचवण्यासाठी हे मूल्य कमी लावून घेतो, तेव्हा तो नकळत आपल्या मोटारीची भंगाराकडे जाणारी वाट जवळची करतो. किरकोळ मारही मग ७५ टक्क्यांची रेषा ओलांडतो. मोटार जुनी असेल, तर जाणकारांकडून लेखी मूल्यांकन करून घेऊन त्या आधारे विमित मूल्य निश्चित करणे हिताचे असते. १९४० अखेरपर्यंतच्या मोटारींना व्हिंटेज म्हणून प्रमाणित करण्याचे काम मोटार विम्याच्या दरपत्रकाने मुंबईच्या 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया'कडे सोपवले होते आणि अशा मोटारींना हप्त्यात सवलतही दिली होती.

नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी व चारचाकी वाहने त्यांनुसार व्हिंटेज ठरतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये आहे. क्रमांकपट्टीवर राज्याच्या संकेताक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यांपुरतेच हे वाहन रस्त्यावर आणता येते.

या नियमांतील एक अट दुर्घटनाग्रस्त मोटारीच्या मुळावर येऊ शकते. वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्यात मोठे मूलभूत फेरबदल झालेले नसावेत, असे व्याख्येतच म्हटले आहे. मोडलेला सांगाडा फेकून घरगुती बनावटीचा नवा सांगाडा घालणारा मालक त्यामुळे अडचणीत येईल, तर मूळ पत्रा सांधणाऱ्याची बाजू भक्कम राहील. म्हणून पहिला पत्रा कापण्यापूर्वी चेसिस व इंजिन क्रमांकांची छायाचित्रे, नोंदणीपुस्तकाची प्रत आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणे आवश्यक असते.

तूर्त काहीच न करणे

जीर्णोद्धार किंवा भंगार यांखेरीज तिसराही मार्ग असतो. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार या भिन्न गोष्टी असून मूळ द्रव्याला शक्य तितका कमी धक्का लावावा, असा तिचा रोख आहे. १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया १९३६ पासून माजोरे सरोवराच्या तळाशी होती. ती २००९ मध्ये बाहेर काढण्यात आली आणि २०१० मध्ये २ लाख ६० हजार ५०० युरोंना विकली गेली. कॅलिफोर्नियातील मुलिन संग्रहालयाने ती गंजलेल्या अवस्थेतच मांडली. २०२४ मध्ये हे संग्रहालय बंद होईपर्यंत ती तेथील मोठे आकर्षण होती.

सामान्य मालकाकडे संग्रहालय नसते, पण कोरडी खोली असू शकते. पैसा, कारागीर किंवा कागदपत्रे यांपैकी एकही गोष्ट हाताशी नसेल, तर मोटार झाकून ठेवणे, सुटलेल्या भागांना चिठ्ठ्या बांधणे, वाकलेला पत्रासुद्धा न टाकणे आणि पोकळ पट्ट्यांत गंजरोधक तेल सोडणे एवढेच करणे शहाणपणाचे असते. जॅग्वारने लाइटवेट ई-टाइपसाठी १८ क्रमांक राखले होते आणि मोटारी १२ च बनवल्या होत्या. २०१४ मध्ये कंपनीने उरलेल्या सहा क्रमांकांवर नव्या मोटारी बांधण्याची घोषणा केली. नवा सांगाडा पन्नास वर्षांनंतरही घडवता आला. माँलेरीला चुरगळलेला पत्रा मात्र कोणी तरी फेकून न देता ठेवला होता, म्हणूनच २०११ ची मोटार उभी राहू शकली.